कळ तीच, कुंचला वेगळा

सुरत येथे मराठी लेखक, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ



व्याख्यानाचं निमंत्रण आलं तेव्हा मी फोनवर स्पष्टच सांगितलं की मी लेखक नाही आणि भाषेचा अभ्यासकही नाही. २००१ सालापासून मी सुरतेत साडीवरच्या छपाईची डिझाइनं करतो आणि संध्याकाळी काही मुलांना तेच काम शिकवतो. पलीकडून उत्तर आलं, "शिकवता ना? मग कोणत्या भाषेत शिकवता तेवढंच येऊन सांगा." प्रश्न साधा होता. उत्तर शोधायला बसलो तेव्हा मला माझ्या दोन वह्या आठवल्या. दोन्ही मीच लिहिल्या, दोन्ही मराठीत लिहिल्या. पहिली वर्षा-दीड वर्षात निरुपयोगी झाली. दुसरी अजून चालू आहे. असं का झालं, ते आज सांगतो.

विषय दिसायला तांत्रिक आहे. फोटोशॉप नावाचं सॉफ्टवेअर तुम्ही ऐकलं असेल. त्यात ब्रश नावाचं हत्यार आहे आणि ते दर आवृत्तीत बदलत गेलं. पण त्या बदलातून मला जे कळलं ते शिकवण्याबद्दल आणि शब्दांबद्दल आहे, म्हणून तुमच्यासमोर बोलायचं धाडस करतो.

आमचं घर खानदेशातलं. वडील नंदुरबारकडून आले आणि उधन्याला एका लूमच्या खात्यात लागले. सुरत-भुसावळ लोहमार्गाने आलेली अशी हजारो घरं लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत आहेत, हे इथे बसलेल्यांना वेगळं सांगायला नको. माझी शाळा महापालिकेची, मराठी माध्यमाची. घरात मराठी, गल्लीत हिंदी, कामावर गुजराती आणि संगणकावर इंग्रजी, अशा चार भाषांत आमचा दिवस जातो.

त्यामुळे ब्रशलाही आमच्याकडे तीन-चार नावं. शेठ म्हणायचे ‘पींछी’. गुजरातीत पिसाला पींछुं म्हणतात, त्याच कुळातला हा शब्द. शाळेच्या चित्रकलेत तो ‘कुंचला’. आपल्याकडे मोरपिसांचा कुंचा असतो, म्हणजे इथेही पीस आलंच. उत्तरेकडून आलेले कारागीर ‘कूची’ म्हणायचे. आता सगळ्यांचा मिळून ‘ब्रश’ झाला आहे. नाव कोणतंही घेतलं तरी डोळ्यांपुढे येते ती काडी आणि तिच्या टोकाला बांधलेला केसांचा झुपका.

फोटोशॉपमधल्या ब्रशला काडी नाही आणि केसही नाहीत. तो खरं तर ठसा आहे. एक गोल ठिपका असतो आणि माऊस सरकेल तसा तो ओळीने उमटत जातो. नेहमीच्या गोल ब्रशला दोन ठिपक्यांमधलं अंतर ठिपक्याच्या व्यासाच्या २५ टक्के ठेवलेलं असतं. ठिपके एकमेकांवर इतके चढतात की आपल्याला सलग रेघ दिसते. तेच अंतर १०० टक्क्यांच्या वर नेलं की रेघ तुटते आणि ठिपक्यांची माळ होते. लाकडी ठशाने कापड छापणाऱ्याला हे एका मिनिटात कळतं. ठसा जवळजवळ मारला तर पट्टा, लांब मारला तर बुट्ट्यांची ओळ.

आता पहिल्या वहीकडे येतो.

मी ज्या स्टुडिओत लागलो तिथे सगळ्यांत जुने डिझायनर अमळनेरकडचे होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. त्यांनी २० वर्षं कागदावर पोस्टर कलरने काम केलं होतं. फुलाच्या पाकळीवर छटा उतरवायच्या त्यांच्या दोन पद्धती होत्या. एक कोरड्या ब्रशने. दुसरी म्हणजे दात घासायच्या ब्रशवर रंग घेऊन तो बारीक जाळीवर घासायचा आणि खाली कागदावर तुषार पाडायचे. स्टुडिओत संगणक आले तेव्हा नाना पन्नाशीला आले होते. त्यांनी निमूटपणे माऊस हातात घेतला.

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मला अक्षरं जुळवून वाचता येत होती. म्हणून मी त्यांच्यासाठी एक वही लिहून काढली. तेव्हा आमच्याकडे फोटोशॉपची सहावी आवृत्ती होती. वहीत नोंदी अशा होत्या: "डावीकडची पट्टी. वरून चौथी ओळ, डावं चित्र, पिचकारी. कळ: जे. वरच्या पट्टीत प्रेशर, १० लिहा." हे हत्यार म्हणजे एअरब्रश. त्याच्या शेजारी उजवीकडे साधा ब्रश होता, त्याची कळ बी. नाना ही वही मांडीवर ठेवून काम करायचे. महिन्याभरात त्यांना वही बघायची गरज उरली नाही. बोट आपोआप ‘जे’वर जायचं आणि पाकळीच्या कडेला धुरासारखी छटा पसरायची. मला माझ्या वहीचा अभिमान वाटायचा.

सातवी आवृत्ती २००२ साली निघाली. आमच्या स्टुडिओत ती साधारण वर्षभराने बसवली गेली. त्या सकाळी नानांनी नेहमीप्रमाणे फाइल उघडली, ‘जे’ दाबलं आणि पाकळीवर माऊस ओढला. रंग उमटला नाही. पडद्यावर एक चौकट आली. तिच्यात इंग्रजीत लिहिलं होतं की आधी ऑल्ट कळ दाबून उगमाची जागा ठरवा. नानांनी चौकट बंद केली आणि पुन्हा माऊस ओढला. पुन्हा चौकट. तिसऱ्यांदा तेच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

झालं असं होतं की सातव्या आवृत्तीत एअरब्रश वेगळं हत्यार म्हणून उरला नव्हता. तो साध्या ब्रशच्या पोटात गेला होता आणि वरच्या पट्टीत त्याचं एक छोटं बटण उरलं होतं. त्याच्या जुन्या जागेवर, चौथ्या ओळीत डावीकडे, एक नवं हत्यार आलं होतं, हीलिंग ब्रश. त्याला कळही तीच मिळाली, जे. हे हत्यार रंग लावायचं नव्हतंच. ते एका जागेचा पोत उचलून दुसऱ्या जागेचा डाग झाकण्यासाठी होतं, म्हणून ते आधी ‘कुठून उचलू?’ असं विचारत होतं.

शिवाय ‘प्रेशर’ हा शब्दही त्या पट्टीतून गेला होता. त्याच्या जागी ‘फ्लो’ आला. आता साध्या ब्रशला दोन वेगळी मापं होती, ओपॅसिटी आणि फ्लो. हा फरक मी मुलांना पाण्याच्या टाकीवरून सांगतो. फ्लो म्हणजे तोटी किती उघडली आहे. ओपॅसिटी म्हणजे टाकी कुठपर्यंत भरू द्यायची. ओपॅसिटी ५० आणि फ्लो १० ठेवून एकाच ओढीत तुम्ही त्याच जागेवरून कितीही वेळा फिरा, रंग थोडा थोडा चढत जाईल, पण निम्म्याच्या वर जाणार नाही. बटण सोडून नवी ओढ घेतली तरच पुढे चढेल. हे मला आज सांगता येतं. त्या दिवशी मलाही माहीत नव्हतं.

त्या दिवशी मी जे बोललो ते सांगायला मला आजही अवघड जातं. मी म्हणालो, "नाना, हे नवीन आहे, तुम्हाला नाही जमायचं." वय २१ होतं माझं. नाना उठले, चहा पिऊन आले आणि खुर्चीवर न बसता रंगांची कार्डं लावायच्या टेबलाशी जाऊन बसले.

आमच्याकडे डिझाइनच्या नगावर पैसे मिळत. कार्डं लावायचे रोजावर मिळत, तेही निम्म्याहून कमी. नानांची राहिलेली कामं शेठने माझ्याकडे दिली. तीन आठवडे मी ती केली. महिनाअखेरीला माझं पाकीट जाड होतं आणि नानांचं पातळ. दोन्ही पाकिटं एकाच टेबलावरून उचलली, त्यामुळे दोघांनाही ते दिसलं. नाना त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. त्यांच्यासमोर कागद होता आणि त्यावर जुन्या पद्धतीने, जाळीतून तुषार पाडून काढलेली एक पाकळी होती. म्हणाले, "पोरा, मला त्या पिचकारीशी काही घेणं नाही. मला सांग, मधे दाट आणि कडेला विरत गेलेलं, असं त्यात अजून होतं का?"

मी म्हणालो, "होत असेल."

"आणि एका जागी थांबलं तर रंग साचत गेला पाहिजे. पुढे सरकलं तर पातळ."

एवढंच त्यांचं म्हणणं होतं. विरणं आणि साचणं. त्या रात्री मी थांबून शोधलं. मऊ कडेचा साधा ब्रश घ्यायचा, फ्लो कमी करायचा आणि पिचकारीचं छोटं बटण दाबायचं. माऊस एका जागी धरून ठेवला की रंग साचत जातो. शोधायला १० मिनिटं लागली. तीन आठवडे मी एअरब्रश कुठे गेला हे शोधत होतो. विरवायचं कसं हे मी शोधलंच नव्हतं, कारण माझ्या वहीत तो शब्दच नव्हता. वहीत होती ती जागा, चित्र आणि कळ. सातव्या आवृत्तीत जागा तीच होती, कळ तीच होती, आणि तिथे बसलेलं हत्यार निराळं होतं.

दुसऱ्या दिवशी नाना खुर्चीवर बसले. त्याच आठवड्यात आम्ही दुसरी वही सुरू केली. या वेळी नाना सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. डाव्या पानावर शाईने नानांचा शब्द, म्हणजे हाताला काय करायचं आहे ते: विरवणे, साचवणे, फवारणे, ठिपके टाकणे, मिसळणे, पुसणे. उजव्या पानावर पेन्सिलीने, ते आज कुठे सापडतं. पेन्सिलीने लिहायचं हे नानांनीच सांगितलं. म्हणाले, "ते बदलणारच आहे. उगाच शाई घालवू नको."

ज्या हीलिंग ब्रशने आमचा घोटाळा केला होता, त्याला नानांनी दोन दिवसांत नाव दिलं, रफू. मी त्यांना समजावून सांगत होतो की जुना क्लोन स्टॅम्प जसंच्या तसं उचलून दुसरीकडे चिकटवतो, त्यामुळे रंगात फरक असेल तर जोड दिसतो. हीलिंग ब्रश पोत तिकडचा घेतो, पण रंग आणि उजेड इथल्या आजूबाजूशी जुळवून घेतो. नाना म्हणाले, "मग सरळ सांग ना. पहिलं ठिगळ आणि दुसरं रफू." तेव्हापासून आजतागायत माझ्या वर्गात ठिगळ आणि रफू हेच शब्द आहेत. जुन्या साडीचा काठ स्कॅन केला की त्यावर घड्यांच्या रेघा आणि डाग येतात. कुठे ठिगळ चालेल आणि कुठे रफूच हवं, हे मुलांना एकदा सांगितलं की पुरतं. कापडाच्या गावातली मुलं आहेत ती.

ऑगस्ट २००६ चा तापीचा पूर इथल्या बहुतेकांनी अनुभवला आहे. आमचा स्टुडिओ तळमजल्यावर होता. संगणक गेले, स्कॅनर गेला, कपाटातली कागदी डिझाइनं गेली आणि पहिली वहीही गेली. दुसरी वही माझ्या घरी वरच्या मजल्यावर होती, ती वाचली. नवे संगणक आले ते नव्या आवृत्तीसह, सीएस टू. या आवृत्तीत ‘जे’च्या घरात आणखी एक हत्यार सगळ्यांत पुढे येऊन बसलं होतं, स्पॉट हीलिंग ब्रश. त्याला उगमाची जागा सांगावी लागत नाही. डागावर टेकवलं की पुरे, आजूबाजूचा पोत ते स्वतःच घेतं. म्हणजे ‘जे’ दाबल्यावर पुन्हा एकदा वेगळंच काहीतरी हातात येत होतं. पण या वेळी नाना उठून गेले नाहीत. त्यांनी ‘रफू’चं पान काढलं, उजवीकडची पेन्सिल खोडली आणि मला म्हणाले, "सांग आता कुठे आहे ते." पाच मिनिटांचं काम झालं.

विरवणे या एका शब्दाची गंमत बघा. आमच्या स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. ब्रशची कड मऊ असते, त्यामुळे लाल आणि पांढऱ्याच्या मध्ये गुलाबीच्या कितीतरी छटा तयार होतात. त्या प्रत्येकीला स्क्रीन कुठून आणणार? म्हणून सेपरेशन करताना ब्रश बाजूला ठेवून पेन्सिल हे हत्यार घ्यावं लागतं. तिची कड कोरलेली असते, मधल्या छटा येत नाहीत. मग विरवायचं कसं? ठिपके मधे दाट आणि कडेला विरळ टाकून. पुढे डिजिटल छपाई आली. तिथे स्क्रीनच नाही, त्यामुळे धुरासारखी छटा जशीच्या तशी कापडावर उतरते. जाळीवरचे तुषार, एअरब्रश, फ्लो कमी केलेला ब्रश, पेन्सिलीचे ठिपके, डिजिटल छपाई: एवढी हत्यारं आली आणि गेली, पण डाव्या पानावरचा शब्द खोडावा लागला नाही.

२०१० च्या सीएस फाइव्हमध्ये मिक्सर ब्रश आला. त्यात ओलावा किती, ब्रशवर रंग किती घेतला आणि खालचा रंग किती मिसळायचा, हे वेगवेगळं ठरवता येतं. नानांना तो पाहून आनंद झाला. म्हणाले, "म्हणजे एवढी वर्षं फिरून हे लोक माझ्या वाटीपाशी आले." पुढच्या आवृत्तीत, २०१२ साली, झिजणारी टोकं आली. रेखाटता रेखाटता पेन्सिलीसारखं टोक बोथट होतं आणि पुन्हा टोक काढायचं बटण दाबावं लागतं. ते पाहायला नाना नव्हते. आदल्या वर्षी ते काम सोडून गावी गेले होते.

आता माझी दुसरी चूकही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की दुसरी वही अगदी निर्दोष होती.

फोटोशॉपमध्ये पूर्वी कंट्रोल आणि झेड दाबलं की शेवटची ओढ मागे जायची आणि पुन्हा दाबलं की परत यायची. आम्ही डिझायनर याचा उपयोग पडताळणीसाठी करायचो. आधीचं आणि नंतरचं डोळ्यांपुढे आलटून पालटून आणायचं आणि ठरवायचं. वहीत मी डाव्या पानावर शाईने लिहिलं होतं: "मागे घेणे. दोनदा दाबलं की आधीचं-नंतरचं दिसतं." ऑक्टोबर २०१८ मध्ये जी आवृत्ती आली तिच्यात हे बदललं. आता तीच कळ दोनदा दाबली की दोन पावलं मागे जातं, तीनदा दाबली की तीन. माझ्या संगणकावर जुनीच आवृत्ती होती, मी जुन्या सवयीने शिकवत राहिलो. एका विद्यार्थ्याने नव्या आवृत्तीवर दिवसभर ठिपक्यांची छटा टाकली आणि मी सांगितलं तसं तो दर वेळी दोनदा दाबून पडताळत गेला. प्रत्येक पडताळणीत त्याच्या दोन ओढी गळत होत्या. ठिपके इतके बारीक की डोळ्यांना कळलं नाही, आणि नवी ओढ घेतल्यावर गळलेल्या ओढी परत आणता येत नाहीत. नमुन्याचं कापड छापून आलं तेव्हा फुलांमध्ये पांढरी भोकं दिसली. नुकसान त्याच्या नावावर लागलं. चूक माझी होती, म्हणून ते मी भरलं.

नंतर वही उघडून पाहिली तेव्हा चूक सापडली. ‘मागे घेणे’ आणि ‘पडताळणे’ या दोन वेगळ्या क्रिया आहेत. जुन्या आवृत्तीत एकच कळ दोन्ही करायची, म्हणून मी त्या एकाच शब्दात कोंबल्या. माणसाला काय करायचं आहे ते न लिहिता कळ काय करते ते मी लिहिलं, आणि तेही शाईने. नव्या आवृत्तीत त्या दोन क्रियांना दोन वेगळ्या कळा मिळाल्या. पडताळायचं असेल तर त्याच कळांबरोबर ऑल्टही दाबायचं. आता वहीत दोन वेगळी पानं आहेत.

इथे मला एका मोठ्या माणसाची आठवण होते. दादोबा पांडुरंग तर्खडकर मराठी वाचकाला माहीत आहेत ते व्याकरणकार म्हणून. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ त्यांनी १८३६ साली प्रसिद्ध केलं. १८४० च्या दशकात ते आपल्या याच सुरतेत, इंग्रजी शाळेत शिकवत होते आणि १८४४ साली दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी इथे मानवधर्म सभा स्थापन केली. मराठीचा व्याकरणकार आणि सुरतेचा शिक्षक एकच, याचा मला इथला मराठी शिक्षक म्हणून अभिमान वाटतो. आपलं व्याकरण ते पुढच्या आवृत्त्यांत सुधारत, वाढवत राहिले. पुस्तकाच्या आवृत्तीत आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्तीत मात्र एक फरक आहे. व्याकरणाची नवी आवृत्ती निघाली तरी जुनी कपाटात राहते. काय बदललं ते दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतं. फोटोशॉपचं २०१३ पासून तसं राहिलं नाही. कायमचं विकत घ्यायचं बंद झालं, वर्गणी सुरू झाली, आणि नवी आवृत्ती पुष्कळदा रात्रीतून आपोआप येऊन बसते. सकाळी मुलगा कामावर येतो तेव्हा त्याला कोणी सांगितलेलं नसतं की कालचं हत्यार आज कुठे आहे. पहिल्या आवृत्तीचा, म्हणजे १९९० च्या फोटोशॉपचा मूळ प्रोग्रॅम अमेरिकेतल्या कंप्यूटर हिस्टरी म्यूझियमने २०१३ साली अभ्यासकांसाठी खुला केला, ही चांगली गोष्ट आहे. पण उधन्यातल्या मुलाला ती जुनी आवृत्ती उपयोगाची नाही. त्याच्या उपयोगाची आहे ती त्याची स्वतःची वही.

आणि इथेच मला शिक्षक मित्रांशी बोलायचं आहे. आपल्या मराठी शाळांतून शिकलेली मुलं या धंद्यात मोठ्या संख्येने येतात. ती हुशार असतात आणि पाठांतराने भराभर शिकतात. कुठे दाबायचं हे त्यांना तोंडपाठ असतं. आपण काय करतो आहोत हे सांग म्हटलं की ती गप्प होतात. पहिली आवृत्ती बदलली की त्यांच्यावर नानांसारखी वेळ येते, आणि प्रत्येकाला ‘विरत गेलं पाहिजे’ असं नेमकं सांगता येतंच असं नाही. नानांना ते सांगता आलं कारण त्यांनी ती छटा २० वर्षं हाताने उतरवली होती आणि तिला त्यांच्या बोलीत शब्द होता. या मुलांचा हात थेट माऊसवर पडला. त्यांना तो शब्द आपण द्यायला हवा.

म्हणून संगणकाच्या तासाला एक साधी गोष्ट करून बघा. मुलाला हत्याराचं नाव विचारू नका. ‘तू काय केलंस’ ते मराठीत, पूर्ण वाक्यात सांगायला लावा. "मी ब्रश घेतला" हे उत्तर धरू नका. "मी कड विरवली", "मी डाग रफू केला", "मी रंग साचू दिला" असं वाक्य आलं की समजा त्याला आलं. हत्यारांच्या इंग्रजी नावांना मराठी प्रतिशब्द शोधत बसा असं मी म्हणत नाही. एअरब्रशला आपण ‘वायुकुंचला’ म्हटलं असतं तरी सातव्या आवृत्तीत तोही नानांच्या हातातून गेला असता.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही म्हणाल की आता हातच लागत नाही, नुसतं लिहिलं की यंत्र चित्र भरून देतं. खरं आहे. २०२३ पासून फोटोशॉपमध्ये जागा निवडायची आणि तिथे काय हवं ते शब्दांत लिहायचं, अशी सोय आली. माझ्या एका विद्यार्थ्याला पदरावर कोयऱ्या हव्या होत्या. बाजारात त्याला ‘मँगो’ म्हणतात, म्हणून त्याने मँगो लिहिलं. पदरभर हापूस आंबे आले. आम्ही सगळे हसलो. मग मी त्याला विचारलं की तुला कसा आकार हवा आहे ते मला मराठीत सांग. खाली फुगीर, वर निमुळती, टोक एका बाजूला वळलेलं, पोटात बारीक वेल. हे सांगायला त्याला पाव तास लागला. त्याला ‘कोयरी’ हा शब्दच माहीत नव्हता. आसावली, मुनिया, बांगडी मोर हे पैठणीवरचे शब्दही त्याने ऐकले नव्हते. आजवर ब्रश हाताला विचारायचा, आता तो शब्दाला विचारू लागला आहे. ज्याच्याजवळ शब्द नाही, त्याला हापूस आंब्यांवर समाधान मानावं लागेल.

नाना गावी जायला निघाले तेव्हा मी दोन गोष्टी घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. एक म्हणजे त्या तीन आठवड्यांचे पैसे. आठ वर्षं ते माझ्या डोक्यावर होते. मला वाटलं होतं ते नको म्हणतील. त्यांनी घेतले, मोजले आणि खिशात ठेवले. मला हलकं वाटलं. दुसरी म्हणजे वही. ती मात्र त्यांनी परत दिली. म्हणाले, "डावं पान माझं आहे, ते राहू दे. उजवं तू खोडत राहा."

मी खोडत आलो आहे. काही पानांवरचा कागद खोडरबराने इतका झिजला आहे की पलीकडची शाई दिसते. तुमच्यापैकी कोणाला वही पाहायची असेल तर आज सोबत आणली आहे, चहाच्या वेळी जरूर पाहा.